संगीताच्या जुन्या हस्तलिखिताचं वय कसं ठरवायचं

अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीत-हस्तलिखितावर बऱ्याचदा तारीख नसते, आणि असली तरी ती मागाहून कुणी घातलेली असू शकते. जर्मन संगीतकार बाखच्या कोराल कॅन्टाटा (चर्चमधल्या स्तोत्रांवर बेतलेल्या गायन-रचना) पूर्वी १७३०-४० च्या काळातल्या मानत. १९५० च्या दशकात आल्फ्रेड ड्युर आणि गेऑर्ग फोन डाडेल्सन यांनी कागद आणि अक्षर तपासलं, तेव्हा त्यांतल्या बहुतेक १७२४-२५ च्या निघाल्या. म्हणून आधी कागद बघा.

ग्रंथालयात जाण्यापूर्वी आरआयएसएम या संगीत-स्रोतांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या मोफत ऑनलाइन सूचीत रचनेचे पहिले आठ-दहा स्वर टाकून शोधा. तिथल्या संकेतलेखनात सोळांश स्वराला १६ नव्हे, ६ लिहितात, बत्तीसांशाला ३. हे चुकलं की स्वरांची लांबी चुकीची नोंदवली जाते. नुसते स्वर जुळले नाहीत तर स्वरांतरांवरून शोधा, कारण नकलाकार रचना दुसऱ्या पट्टीतही उतरवत. ग्रंथालयाचा संकेत (डी-बी म्हणजे बर्लिनचं स्टाट्सबिब्लिओथेक) आणि हस्तलिखिताचा पूर्ण क्रमांक टिपून घ्या.

वाचनकक्षात फक्त पेन्सिल न्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांनी बोटांना कागद नीट जाणवत नाही आणि कडा फाटते. लोहयुक्त शाई कागद खाते. बाखच्या बी मायनर मासच्या स्वहस्तलिखिताचं तिनेच नुकसान केलं आहे. त्यामुळे दाट स्वरांचं पान कधीही वाकवू नका.

आता जलचिन्ह, म्हणजे कागद बनवताना त्यात उमटलेली, उजेडात दिसणारी खूण. कर्मचाऱ्यांकडून पातळ प्रकाशपत्रक मागा आणि ते पानाखाली सरकवून घ्या. फोलिओ आकारात कागदाच्या पूर्ण तावाला एकच घडी असते: साखळीरेषा (साच्याच्या तारांच्या कागदात दिसणाऱ्या समांतर रेषा) उभ्या, आणि चिन्ह साधारण एका पानाच्या मध्यावर. आडव्या क्वार्टोतही (एका तावाची चार पानं) साखळीरेषा उभ्याच, पण चिन्ह कापलं जातं आणि एकेका पानावर त्याचा तुकडाच येतो. एका तुकड्यावरून निर्णय घेऊ नका. चारही पानं जुळवा. कागद बनवणारे दोन साचे आळीपाळीने वापरत, म्हणून एकाच कागदात चिन्हाची दोन किंचित वेगळी रूपं दिसतात. ती दोन वेगळ्या गिरण्या समजणं ही नेहमीची चूक. साखळीरेषांपासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये मोजा, रूपं आपोआप वेगळी होतात.

मग स्वर लिहिण्यासाठी आखलेल्या पाच रेघा. त्या बहुटोकी लेखणीने ओढत. एकाच वेळी पाच रेघांचे अनेक संच आखले असतील, तर सुरुवातीचा तोच वाकडेपणा प्रत्येक संचात पुन्हा दिसतो. सर्वांत वरच्या रेघेपासून सर्वांत खालच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. जलचिन्ह आणि हे माप दोन्ही जुळलं, तर पानं एकाच खरेदीची असण्याची शक्यता मोठी. कागद मात्र कधी वर्षानुवर्षं पडून राहतो, तेव्हा लेखनिकाच्या क्लेफची (रेघांवरचे स्वर कोणते ते ठरवणारी, ओळीच्या सुरुवातीची खूण) आणि संगीतातला विराम दाखवणाऱ्या चिन्हांची वळणंही ताडून बघा.

स्वर उतरवताना शार्प-फ्लॅट (स्वर चढवण्या-उतरवण्याची चिन्हं) दोन उभ्या रेघांमधल्या पूर्ण मात्रागटाला लागू धरू नका. त्या काळी चिन्ह बहुधा त्याच स्वरापुरतं असे. ओळीच्या शेवटी वळणदार छोटी खूण दिसली तर ती पुढच्या ओळीचा पहिला स्वर सांगते. पुढची ओळ तिच्याशी जुळत नसेल, तर क्लेफ बदललाय का किंवा पान गहाळ झालंय का, ते आधी तपासा.