व्हीलचेअरचा ब्रेक खरंच लागतोय का?
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वृद्धाश्रमातली व्हीलचेअर तेव्हा अंगणात उन्हात ठेवू नका. रेक्झिनची सीट आणि लोखंडी दांडे आजीच्या नाजूक कातडीला चटका देतात. पण खरी गोम ब्रेकची. हवेच्या टायरमधली हवा उतरली की ब्रेकची पट्टी टायरला घट्ट टेकत नाही, आणि आजोबा उठायला गेले की खुर्ची मागे सरकते. म्हणून हवा दर आठवड्याला बघा. दोन्ही ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकलून पाहा. चाक फिरलं तर खुर्ची दुरुस्तीला, कितीही घाई असो. पुढच्या छोट्या चाकांत केस, लुगड्याचे धागे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढा. तेल सांध्यांना द्या, टायरला लागू देऊ नका.