पूर कोणत्या महिन्यात येतो? प्राचीन नदीकाठच्या संस्कृतींची तुलना करण्याची एक पद्धत

सोलापुरातील कोणत्याही अभ्यासिकेत डोकावले, तर इतिहासाच्या वहीत एक तक्ता हमखास आढळतो. इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू आणि चीन असे चार रकाने आणि त्यांखाली नदी, शहरे, लिपी, देव अशा ओळी. मीही अनेक वर्षे फळ्यावर हाच तक्ता काढत असे. नाईलच्या पुराची लोक वाट पाहत आणि युफ्रेटिसच्या पुराला भीत, असे का, हा प्रश्न एकदा वर्गात निघाला आणि तक्त्यात त्याचे उत्तर कोठेच नसल्याचे माझ्या ध्यानात आले. चार संस्कृतींची माहिती शेजारी शेजारी मांडली होती, तुलना मात्र झालीच नव्हती. तेव्हापासून मी ज्या क्रमाने हे काम करतो, तो येथे देत आहे.

सर्वप्रथम तक्ता बाजूला ठेवून कागदावर बारा महिन्यांची एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर आपल्या ओळखीच्या नदीचे वर्ष मांडावे. आपल्यासाठी ती भीमा. श्रावणात सोलापूरचे आकाश कोरडे असते, शेतकरी ढगांकडे पाहत असतो आणि त्याच आठवड्यात सह्याद्रीतील पावसामुळे उजनीतून पाणी सोडले जाऊन पंढरपुरात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागते. पाऊस एकीकडे आणि पूर दुसरीकडे, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही समजावून सांगावी लागत नाही. इजिप्तचे नेमके हेच होते. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात उन्हाळी पाऊस झाला की जुलैपासून इजिप्तमधील नाईल चढू लागे, सप्टेंबरच्या सुमारास भरून वाहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरे. शेतांभोवती बांध घालून हे पाणी सुमारे दीड महिना कोंडून ठेवीत, मग ते सोडून देत आणि जमिनीला वाफसा आला की गहू व जव पेरीत. पीक मार्च-एप्रिलमध्ये हाती येई. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्याची ओल धरून ठेवून तिच्यावर रब्बीची ज्वारी काढणाऱ्या माणसाला या शेतीची तत्त्वे वेगळी शिकवावी लागणार नाहीत. फरक इतकाच की आपली ओल आभाळातून येते आणि त्यांची नदीतून येत असे.

आता त्याच रेघेखाली मेसोपोटेमियाच्या टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचे वर्ष मांडावे. या नद्यांना पूर येतो तो प्रामुख्याने अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, डोंगरांवरील बर्फ वितळल्याने, एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जव कापणीला आलेला असताना. उलट पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, नदी सर्वांत खाली गेलेली असते. जेव्हा पाणी हवे तेव्हा ते नाही आणि नको तेव्हा दारात, अशी ही अवस्था असल्याने सुमेरच्या, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियातील, लोकांना पाट, चाऱ्या आणि बंधारे यांवाचून गत्यंतर नव्हते. येथपर्यंत आल्यावर बाबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायद्याची संहिता उघडावी. इ.स.पू. १८ व्या शतकातील या संहितेचे त्रेपन्नावे कलम सांगते की, एखाद्याने आपला बांध बळकट ठेवण्यात हयगय केली, बांध फुटला आणि शेजाऱ्यांच्या शेतांत पाणी शिरले, तर नुकसान झालेले धान्य त्याने भरून द्यावे. पुढचे कलम आणखी कठोर आहे: भरून देता येत नसेल, तर त्याला व त्याची मालमत्ता विकून आलेली चांदी नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनी वाटून घ्यावी. पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा कायदा राजाच्या लहरीतून आलेला वाटणार नाही.

पाटपाण्याची दुसरी किंमतही याच वेळी नोंदवावी. उष्ण, सपाट प्रदेशात पाणी देत राहिले आणि निचरा झाला नाही, की क्षार वर येतात. आपल्या जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात अशा रानाला चोपण म्हणतात आणि पांढरी पडलेली माती अनेकांनी पायाखाली पाहिलेली आहे. दक्षिण मेसोपोटेमियात क्षार सहन करणारा जव हे मुख्य धान्य राहण्यामागे हे एक कारण मानले जाते. नाईलकाठी मात्र दरवर्षीचा पूर जमीन धुऊन काढीत असे. एकाच ‘नदीकाठच्या’ शेतीचे हे दोन भिन्न परिणाम महिन्यांच्या रेघेवरून आपोआप निघतात.

सिंधूचे वर्ष नाईलशी बरेचसे जुळते. हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांमुळे नदी उन्हाळ्यात व पावसाळ्यात फुगते आणि ओसरल्यावर गहू-जवाची रब्बी पेरणी होते. पण येथे घाईने निष्कर्ष काढू नये. हडप्पा संस्कृती इतकी पसरलेली होती की तिच्यातील सर्व वसाहती मोठ्या नदीकाठी नव्हत्याच. कच्छमधील धोलावीरा हे नगर मानसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांच्या मध्ये वसलेले होते, आणि त्या ओढ्यांचे पाणी अडवून खडकात व दगडी बांधणीत केलेल्या विस्तीर्ण जलाशयांवर ते जगत होते. शहराच्या मध्यावर सिद्धेश्वर तलाव आणि वेशीबाहेर हिप्परगा तलाव असलेल्या गावातील माणसाने तरी ‘सिंधू संस्कृती म्हणजे सिंधू नदी’ असे लिहू नये.

चीनकडे थोडक्यात वळावे, कारण तेथे नदीचे काम निराळे आहे. ह्वांग हो, म्हणजे पिवळी नदी, वाऱ्याने साचलेली पिवळी माती वाहून आणते, तिचे पात्र गाळाने उंचावते आणि ती मार्ग बदलते. शांदोंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला समुद्राला मिळणारी ही नदी १८५५ मध्ये मार्ग बदलून त्याच्या उत्तरेला मिळू लागली. तिच्या काठची जुनी शेती राळ्यासारख्या भरडधान्यांची आणि बहुतांशी पावसावरची होती.

यानंतर दुसरी रेघ काढावी, ती उभी, शतकांची. शंभर वर्षांना एक सेंटिमीटर पुरेसा होतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण चार रकाने शेजारी असले की चारही संस्कृती एकाच काळातील वाटू लागतात. इजिप्तचा राजा खुफू याचा महापिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० चा आहे. त्या वेळी मोहेंजोदडो भरात होते, कारण हडप्पा संस्कृतीचा नागरी काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० मानतात. चीनच्या रकान्यात आपण ज्यांना लिहितो ते शांग राजे मात्र सुमारे इ.स.पू. १६०० नंतरचे, आणि त्यांच्या राजधानीच्या जागी, आन्यांग येथे, मिळालेली अस्थिपत्रे, म्हणजे लेख कोरलेली हाडे, सुमारे इ.स.पू. १२५० पासूनची. शांगांच्या त्या लेखांची तुलना करायचीच असेल, तर ती इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या काळाशी करावी, खुफूशी नव्हे. याच रेघेवर आपल्या भीमेलाही जागा द्यावी. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात शेतकऱ्यांची वसाहत होती आणि डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे पाण्याचा पाट व बांध यांचे अवशेषही मिळाले. नदी होती, पाट होता, जव होता, तरी शहर झाले नाही. ‘नदी असली की नागरी संस्कृती उभी राहते’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी इनामगाव आठवावे.

तिसरे काम म्हणजे एकच वस्तू निवडून ती चारही ठिकाणी शोधणे. धर्म, समाज, शासन असे मोठे शब्द घेतले की लिखाण पसरट होते. सोलापूरकराने खुशाल कापड निवडावे. इजिप्तमध्ये जवसाच्या, म्हणजे अळशीच्या, धाग्याचे तलम वस्त्र, मेसोपोटेमियात लोकर, चीनमध्ये रेशीम व ताग-वर्गीय धागे आणि सिंधूच्या खोऱ्यात कापूस, अशी वाटणी दिसते. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटून सुती कापडाचा तुकडा टिकून राहिला. धातूच्या क्षारांनी तो जपला, नाहीतर चार हजार वर्षांत सूत राहत नाही. आता पुराव्याचे वजन पाहावे. सुमेरमधील उर या शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील मातीच्या पाट्यांवर विणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या हजारो स्त्रिया आणि त्यांना मिळणारे जवाचे माप यांचे हिशेब आहेत, त्यामुळे तेथील मागावर कोण बसत असे व तिला काय मिळे हे सांगता येते. हडप्पा संस्कृतीत चात्या सापडल्या आहेत, पण हिशेब वाचता येत नाही, कारण तिची लिपी अजून उलगडलेली नाही.

म्हणून टिपणे काढताना तीन रंगांच्या पेन्सिली वापराव्यात: लेखावरून कळलेले एका रंगात, वस्तूवरून कळलेले दुसऱ्या आणि अंदाज तिसऱ्या रंगात. आपल्याच जिल्ह्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. तो वाचता आला नसता, तर हाती केवळ दगड आणि मंदिर उरले असते. सिंधूच्या बाबतीत आपण त्याच स्थितीत आहोत. मोहेंजोदडोच्या साडेसतरा सेंटिमीटर उंचीच्या मूर्तीला ‘पुरोहित-राजा’ म्हणतात, परंतु हे नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलेले आहे, मूर्तीवर तसे काही लिहिलेले नाही. ते तिसऱ्या रंगात जावे. निर्विवाद राजवाडा सापडला नाही म्हणून तेथे लोकशाही होती, हेही तिसऱ्याच रंगातले. मात्र विटांचे १:२:४ हे प्रमाण आणि दुपटीने वाढत जाणारी घनाकृती दगडी वजने दुसऱ्या रंगात ठामपणे लिहावीत, कारण ती मोजून पाहता येतात.

सर्वांत शेवटी रकान्यांमधील रेघांकडे पाहावे. इजिप्त आणि शांग चीन यांच्यामधली रेघ कोरीच राहील. मेसोपोटेमिया आणि सिंधू यांच्यामध्ये मात्र बरेच काही लिहिता येते: उरच्या राजकबरींत सापडलेले, सिंधू प्रदेशातील कारागिरीचे लालसर अकीकाचे मणी, मेसोपोटेमियात मिळालेल्या हडप्पा शैलीच्या मुद्रा, आणि बहुतेक अभ्यासक ज्याला सिंधू प्रदेश समजतात त्या ‘मेलुह्हा’चे लेखांतील उल्लेख. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियाच्या अक्कडी राजांच्या काळातील एक दंडगोल मुद्रा आहे, तिच्यावर मालकाचे नाव शू-इलिशू असे असून तो मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी असल्याचे म्हटले आहे. त्याचे नाव कोणत्याही एका रकान्यात न घालता दोन रकान्यांमधल्या रेघेवर लिहावे.