भावनांचा तास घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

भावनिक कौशल्यांचा तास वाट्याला आला की नवे शिक्षक सगळ्यात आधी विचारतात, पुस्तक कुठलं वापरायचं? डी.एड., बी.एड. करताना जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं पाठ झालेली असतात. आत्मजाणीव, समानुभूती, भावनांचे समायोजन, ताणतणावांचे समायोजन वगैरे. परीक्षेपुरती ती यादी ठीक आहे. पण समानुभूतीची व्याख्या घडाघडा सांगणारा सातवीतला मुलगा मधल्या सुट्टीत शेजारच्याला चिडवायचा थांबत नाही. मी सहावी ते नववीला हा विषय शिकवते आणि माझं ठाम मत झालंय की इथे समजावून सांगण्याने फार थोडं साधतं. सराव करून घ्यावा लागतो, आणि तोही मुलं शांत असताना.

श्वासाचंच घ्या. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ लावून तोंडाने सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर निवळू लागतं. लहान वर्गांना ‘फुलाचा वास घ्या, मेणबत्तीवर हळू फुंकर घाला’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पण मुलगा रागाने थरथरत असताना हे पहिल्यांदा शिकवायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. रोजच्या परिपाठात प्रार्थनेनंतर दोन मिनिटं याला द्या. सुविचार आणि बोधकथा आपल्या जागी राहू देत, पण ही दोन मिनिटं चुकवू नका. डोळे मिटायची सक्ती मात्र करू नका. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते, त्यांनी समोर जमिनीकडे पाहिलं तरी चालतं.

सहावीच्या पुढे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे घटनेबद्दल मनात आलेला विचार तपासून पाहायची पद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात ती मांडली, मराठीत कि. मो. फडके यांनी ती रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरात नेली. वर्गात ती अशी घेते. फळ्यावर तीन रकाने आखायचे: काय घडलं, मनात कुठलं वाक्य आलं, मग काय वाटलं आणि काय केलं. पहिल्या रकान्यात सगळ्यांसाठी एकच घटना लिहायची: ‘मैत्रिणीने आज दुसऱ्या घोळक्यात बसून डबा खाल्ला.’ मधला रकाना मुलं भरतात. एकीचं वाक्य, ‘तिला मी नको झालेय.’ ती दिवसभर गप्प. दुसरीचं, ‘मुद्दाम करतेय.’ तिने वही लपवली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘तिचं घरी काहीतरी बिनसलं असेल.’ त्याने जाऊन विचारलं. घटना एकच आणि शेवट तीन, हे फळ्यावर दिसलं की वर्गात क्षणभर सगळे फळ्याकडेच बघत राहतात.

इथे घाई करू नका. तिसरं वाक्य बरोबर आणि बाकीची चूक असा निकाल दिलात की मुलं तुम्हाला हवं ते उत्तर द्यायला शिकतात. ‘हे वाक्य खरं आहे हे कशावरून?’ एवढंच विचारा आणि थांबा. शिक्षकाला गप्प राहणं जड जातं, पण या तासाला ते करावंच लागतं.

या पद्धतीची एक मर्यादा मनात पक्की धरा. मूल घरी मार खात असेल, वर्गात त्याला जातीवरून, रंगावरून, अंगाच्या ठेवणीवरून बोललं जात असेल, तर तिथे त्याच्या मनातलं वाक्य तपासत बसायचं नाही. तिथे घटनाच थांबवायची असते. अन्याय सोसायला शिकवण्यासाठी हा तास नाही. शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे, हे स्टाफरूममध्येही अधूनमधून बोललं गेलं पाहिजे.

तासाला गुण नकोत. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा तास सुरू झाला, तोही परीक्षेविना. मला ते अगदी योग्य वाटतं. परीक्षा नाही म्हटल्यावर पोर्शन राहिलेले सहकारी तुमचा तास मागायला येतात हेही खरं. नम्रपणे, पण नाही म्हणा. मुलांना तो तास दर आठवड्याला ठरल्या वेळी मिळाला तरच ती बोलायला लागतात.

आणि ती बोलायला लागली की खरी जबाबदारी सुरू होते. कधीतरी एखादी मुलगी तास संपल्यावर रेंगाळते आणि म्हणते, ‘बाई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही.’ तिथे ‘नाही सांगणार’ असं वचन देऊ नका. मी म्हणते, ‘तू सांग. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ एवढं ऐकूनही मुलं बोलतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, संस्थेचं नाव खराब होईल ही सबब त्यात चालत नाही. तुम्ही खोदून खोदून चौकशी करायची नाही. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा, मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वरही फोन करता येतो.

आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही याचं भान ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास, मैत्री यांत ठळक बदल दिसला तर पालकांना बोलावून जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचा रस्ता दाखवा. स्वतःला इजा करण्याबद्दल मूल बोललं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हालचाल करायची आणि त्याला एकटं सोडायचं नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो वर्गाच्या दाराशी लावून ठेवा.

नोकरीचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. सीबीएसईने २०१८च्या संलग्नता उपविधींत (शाळांना मान्यता देण्याच्या नियमांत) माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक व वेलनेस शिक्षक नेमायला सांगितलं आहे. तिथे मानसशास्त्राची पदवी किंवा समुपदेशनाची पदविका विचारतात. आधीच शिक्षक असाल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका पाहा. सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने आपल्या भागात इंटर्नशिप अशी तिची रचना आहे. महाराष्ट्र आणि गोव्याला जवळचं केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. सरकारी आणि अनुदानित शाळांत स्वतंत्र पद क्वचितच असतं. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देतात, त्याच्या अकरा विषयांत भावनिक आरोग्यही आहे. त्यासाठी स्वतःहून नाव द्या.

मुलांबद्दलच्या नोंदी नावं न लिहिता, कुलूपबंद कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी समुपदेशकाशी बोलायची सोय करून घ्या, कारण ऐकलेलं सगळं एकट्याने पेलवत नाही. तास, कपाट आणि बोलायला एक खाजगी खोली या तीन गोष्टी जूनमध्ये शाळा भरायच्या आधीच मुख्याध्यापकांशी ठरवून घ्या. घटक चाचण्या सुरू झाल्या की मग कुणालाच सवड नसते.