गादीवर बसायला शिकताना: साडीच्या दुकानात गिऱ्हाईक कसं जोडावं

दिवाळीच्या महिनाभर आधी आमच्या दुकानात दरवर्षी नवी मुलं-मुली कामाला लागतात. पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "काका, गिऱ्हाईक पटवायचं कसं?" बावीस वर्षं मी साड्या दाखवतोय, पण 'पटवणं' हा शब्द मला अजून रुचलेला नाही. साडीचं दुकान एका विक्रीवर चालत नाही. ज्या घरच्या लग्नाचा बस्ता आपल्याकडे बांधला, त्या घरची पहिल्या संक्रांतीची काळी साडी, डोहाळजेवणाची हिरवी, बारशाच्या आहेराच्या दहा-बारा आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुढच्या पिढीचा बस्ता, हे सगळं आपल्याकडे येणार की नाही, ते बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच ठरतं. त्या बाईला आपल्या शब्दावर विसंबता आलं पाहिजे, आणि आपल्यासमोर बसताना तिला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. हे कसं साधायचं, ते मी नव्या मुलांना शिकवतो त्याच क्रमानं लिहितो. चपला, भांडी किंवा मोबाइल विकणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिला आठवडा: माल शिका

गोड बोलणं कुणालाही जमतं. पण गिऱ्हाइकानं "ही रेशमी आहे का हो?" असं विचारल्यावर खरं उत्तर द्यायचं, तर ते आधी आपल्याला माहीत हवं. म्हणून पहिला आठवडा विकायच्या मागे लागू नका, हाताळा.

साडीतून निघालेले दोन-चार सुटे धागे घ्या, मालापासून लांब, स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. एकदा तो वास नाकात बसला की विसरत नाही.

पैठणी उलटी करून बघा. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरची आणि काठावरची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावरच्या 'सेमी' पैठणीला मागे सुटे धागे असतात, कापलेले किंवा लोंबणारे. येवल्या-पैठणच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या विणकामाला. सेमी वाईट नसते. ती स्वस्त, टिकाऊ आणि नेसायला हलकी असते. फक्त तिला तिच्या नावानं विकायचं.

सिल्क मार्क २००४ पासून आहे. त्याचं लेबल रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. साडी हातमागाची आहे, असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी २००६ पासूनचं हँडलूम मार्क वेगळं आहे. आमच्या धंद्यात ही गल्लत इतकी सर्रास होते की अनुभवी माणसंही मनापासून चुकीचं सांगतात.

लांबी पाठ असू द्या. नेहमीची साडी साडेपाच मीटर, वर ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटिमीटर. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. उंच बाईला निऱ्या कमी पडतील का, हे बिल करण्याआधी सांगता यायला हवं.

गिऱ्हाईक आल्यावर पहिली पाच मिनिटं

"या, बसा" म्हणा आणि पाणी द्या. सोबत म्हातारं माणूस असेल तर गादीशेजारी खुर्ची ठेवा, सगळ्यांनाच खाली बसता येत नाही. मूल असेल तर त्याला आधी बसवा. हाक मारताना घाई नको. पन्नाशीच्या बाईला अचानक "आजी" म्हटलं तर तिचा चेहरा पडतो. "ताई" बहुतेक ठिकाणी चालतं. सोबतच्या लेकी-सुना तिला काय म्हणतात ते ऐका आणि मग "काकू", "मावशी" म्हणा.

मग तीनच प्रश्न विचारा: कुणासाठी, कोणत्या कार्यासाठी, कधी लागणार? "बजेट काय?" हा प्रश्न सासूसमोर, जावेसमोर, चार माणसांत विचारू नका. वेगवेगळ्या किमतीच्या तीन साड्या शेजारी शेजारी उलगडा, भाव स्पष्ट सांगा आणि हाताकडे बघा. परवडणाऱ्या साडीवर हात थांबतो, अंगठा काठावरून फिरतो. न परवडणारी साडी बाई बघते, पण तिला हात लावत नाही. पुढचा ढीग कोणत्या कपाटातून काढायचा, ते तिथंच कळतं आणि तिला आकडा तोंडानं सांगावा लागत नाही.

सकाळची एक गोष्ट बजावून सांगतो. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असते तेव्हा पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आपण नकळत रेटतो. भवानीचं ओझं आपलं आहे, ते त्या बाईच्या डोक्यावर देऊ नका.

खरं बोलायची वेळ

हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास एक आजी एकट्याच आल्या. नातीचं लग्न होतं आणि आजीकडून तिला पैठणी द्यायची होती. कमरेच्या पिशवीतून त्यांनी रुमाल काढला, गाठ सोडली आणि नोटा गादीवर मांडल्या. शंभराच्या, पन्नासच्या, एकसारख्या सरळ केलेल्या. साडेचार हजार होते. त्यांच्यासमोर मोरपंखी रंगाची एक सेमी होती, चार हजार दोनशेची. त्यांना ती फार आवडली होती. "हीच पैठणी दे," म्हणाल्या.

मी साडीचा पदर उलटा केला आणि त्यांचं बोट त्या सुट्या धाग्यांवर ठेवलं. म्हटलं, "आजी, ही पैठणीसारखी आहे, पण हातमागाची पैठणी नव्हे. ती एवढ्यात बसत नाही." त्या बराच वेळ धागे चाचपत राहिल्या. मग नोटा परत रुमालात गेल्या, गाठ बसली आणि त्या उठल्या. गल्ल्यावरून मालक माझ्याकडे बघत होते.

आठ-दहा दिवसांनी त्या सुनेला घेऊन आल्या. नातीसाठी नारायणपेठ घेतली आणि तीच मोरपंखी सेमीही घेतली, सुनेसाठी. सुनेला म्हणाल्या, "ह्यानं खरं सांगितलं बघ." सगळेच असे परत येतात असं मी म्हणणार नाही. काही जणी दुसरीकडे जाऊन तीच साडी 'अस्सल' म्हणून घेतात आणि आपल्या हातचं गिऱ्हाईक जातं. वाईट वाटतं, आजही वाटतं. तरी सांगतो, खरंच बोला. नातीला कुणीतरी सासरी पदर उलटा करून दाखवेल आणि आजीची मान खाली जाईल, ते माझ्या हातून झालेलं मला सहन झालं नसतं.

खरं सांगायची पद्धत मात्र मऊ हवी. "तुम्हाला परवडणार नाही" आणि "ती एवढ्यात बसत नाही" यांत फार अंतर आहे. रंगाचंही तसंच. "हा तुम्हाला शोभत नाही" म्हणू नका. दोन साड्या खांद्यावर टाका, आरशासमोर उभं करा आणि विचारल्यावर एकच सांगा, "मला ही जास्त उठून दिसते." न विचारता सांगायची गरज नाही.

मालकांना एक कळकळीची विनंती: जुना पडून राहिलेला माल खपवण्यासाठी जादा कमिशन लावू नका. कमिशन लागलं की मुलाच्या तोंडून तुम्हाला हवं तेच निघतं.

भाव एकदाच सांगा

घासाघीस होणारच. पण पंचवीसशे सांगून, बाई गादीवरून उठल्यावर "बरं, एकोणीसशे द्या" म्हटलंत, तर साडी विकली जाते आणि पंचवीसशे हा आकडा खोटा होता हेही तिला कळतं. पुढच्या खेपेला ती तुमचा कुठलाच आकडा मानणार नाही, आणि ते तिचं बरोबरच असेल. जे कमी करायचं ते बसलेली असतानाच करा. "शेवटचा भाव" म्हणालात तर तो शेवटचाच असू द्या. गाडीतून आलेली आणि एस.टी.तून आलेली, दोघींना भाव एकच. त्या दोघी एकाच लग्नात शेजारी बसून साड्यांचे भाव बोलतात.

बांधण्याआधी

साडी दारापर्यंत न्या. दुकानातल्या दिव्यांत वांगी, राणी आणि मोरपंखी हे रंग वेगळेच दिसतात, उन्हात बदलतात. रंग उजेडात दाखवून मगच बिल करा. पूर्ण साडी उलगडून डाग, ओढलेला धागा, आतली बाजू गिऱ्हाइकासमोरच तपासा. पाच मिनिटं जातात. दोष निघाला तर आपणहून दाखवा, दुसरा नग काढा.

पक्कं बिल द्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलासाठी मोबाइल नंबरचा हट्ट धरू नका. तसा हट्ट नको, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक विभागानं मे २०२३ मध्ये दिली आहे. विश्वासानं दिलेला नंबर दुसऱ्याला देणंही २०१९ च्या त्या कायद्यात बसत नाही. बाईमाणसाचा नंबर तुमच्या वहीत आहे, तो तिथंच राहू द्या.

तक्रार घेऊन कुणी आलं तर

यातली माझी चूक सांगतो. तेव्हा मी दुसऱ्या एका दुकानात होतो. लाल सुती साडी मी "रंग पक्का आहे" म्हणून विकली होती, न तपासता. आठवड्यानं त्या ताई गुलाबी झालेला शाळेचा शर्ट हातात घेऊन आल्या. मी भिंतीवरची पाटी दाखवली, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. त्या भांडल्या नाहीत. शर्टाची घडी घातली आणि गेल्या. ती घडी अजून आठवते.

आता मी पहिलं वाक्य असं शिकवतो: "बसा, बघू." धुताना काय केलंत, हा प्रश्न त्यानंतर, आणि तोही माहिती म्हणून. माल खराब निघाला असेल तर पाटीचा उपयोग नाही. २०२० च्या जुलैपासून लागू असलेल्या त्याच ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देता येत नाही. ग्राहक १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करू शकतात, आणि त्यांनी विचारलं तर तो नंबर सांगायला लाजू नका. नुसता रंग आवडला नाही म्हणून बदलून देणं ही दुकानाची मर्जी. त्याची अट बिलावर ठळक लिहा आणि तोंडानंही सांगा.

ज्यांनी काहीच घेतलं नाही

चाळीस साड्या उलगडल्या आणि "पुन्हा येतो" म्हणून मंडळी उठली, हे रोजचं आहे. समोर बसून सुस्कारे टाकत घड्या घालू नका. चार घड्या त्या बाईच घालू लागतात ओशाळून, तेव्हा म्हणा, "राहू द्या ताई, ते आमचं कामच आहे." त्या दाराबाहेर गेल्यावर घड्या घाला. शांतपणे उठू दिलेलं गिऱ्हाईक पुन्हा दार ढकलायला कचरत नाही.

रात्री, शटर ओढण्याआधी

एक छोटी वही ठेवा: कुणी काय नेलं, कुणाकडे कोणतं कार्य कोणत्या महिन्यात आहे. मग फॉल-पिकोला टाकलेल्या साड्यांचं गाठोडं बघा. शिवणाऱ्या ताई बुधवार म्हणाल्या असतील तर गिऱ्हाइकाला गुरुवारच सांगितलेला असावा. आणि उद्याच्या हळदीकुंकवाची साडी आज झालेली नसेल, तर गिऱ्हाइकाचा फोन यायची वाट बघू नका. आत्ता तुम्ही लावा, खरं कारण सांगा आणि उद्या किती वाजता घरपोच देणार ते सांगा.