ट्रेलरच्या टायरची हवा गार असतानाच बघा
ट्रेलरचा टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे. बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि आतले थर सुटतात. म्हणून हवा सकाळी, चाक फिरण्याआधी तपासा. दुपारी दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नका. टायर गार झाला की ती कमी पडते.

रिकामा ट्रेलर तोलण्यात अर्थ नाही. पाणी, गॅस, सामान भरूनच काट्यावर न्या. जमलं तर डावी-उजवी बाजू वेगळी तोला. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, नाहीतर ट्रेलर मागे डोलायला लागतो.

नक्षी शाबूत असली तरी टायर किती जुना आहे ते कळायला त्याच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा.