नळी कापण्याआधी: टार्गेट रायफलचं चेंबरिंग ठरवायची तयारी

गनस्मिथला, म्हणजे बंदूक बनवून देणाऱ्या कारागिराला, फोनवर मी एकच वाक्य बोललो होतो: ".३०८ विंचेस्टर, लांब पल्ल्याला." तो "बरं" म्हणाला, मी पैसे भरले. पाच महिन्यांनी रायफल आली. दिसायला अशी की दृष्ट लागावी. रात्री गॅरेजमध्ये काडतूस भरायला बसलो. गोळी रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांना, टेकेल इतकी बाहेर ठेवून पाहिली, तर तिचं बूड केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, मानेत जेमतेम अडकलेलं. दोन बोटांनी हलवली, हलली. जरा ओढली तर तळहातावर आली. मागच्या फळीवर त्याच गोळ्यांचे वीस डबे रचलेले, १५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), २००० नग.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "कुठली गोळी मारणार ते तू बोललाच नव्हतास," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. हल्ली त्याच्याकडे .३०८ मागणारे बहुतेक जण २०० ग्रेनच्या आसपासच्या लांबलचक गोळ्या मारतात, त्या हिशेबानं त्यानं चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, कापलं. ती कुठल्या काडतुसासाठी कापायची, ते चेंबरिंग. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मापाचा ब्लाउज न देता शिंप्याकडे कापड टाकतं का कुणी?"

या खेळातल्या मापाच्या ब्लाउजला डमी राउंड म्हणतात. आपली केस, आपली गोळी, हव्या त्या लांबीला बसवलेली. आत बंदुकीची दारू नाही, ती पेटवणारी बुडातली टोपी, म्हणजे प्रायमर, नाही. ते गनस्मिथकडे पाठवायचं. ही यादी लिहायचं खरं कारण तेवढंच आहे, आणि ते मी मधेमधे परत बोलणार आहे. बाकीचं तुम्हाला निम्मं माहीत असेल.

आधी कायदा, एका दमात. मी फिनिक्सला राहतो, लिहितोय ते अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस बाळगणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचा चालू परवाना वगैरे अपवाद आहेत, पण ते मित्राला विचारून नव्हे, वकिलाला विचारून वापरायचे. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा.

मग स्पर्धा. "एकदम अचूक रायफल हवी" ही गरज नव्हे, ती हौस. कुठल्या मैदानावर, कुठल्या वर्गात उतरणार ते आधी ठरवा, कारण निम्मी चेंबरिंग्ज नियमच छाटून टाकतात. एफ-क्लास हा झोपून, टेकू घेऊन, दुर्बीण लावून खेळायचा प्रकार. कॅनडातल्या जॉर्ज फारक्वारसन यांच्या नावातला तो 'एफ'. त्यातल्या एफ-टीआर वर्गात दोनच काडतुसं चालतात, .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर, आणि बायपॉडसकट (पुढच्या दोन पायांच्या टेकूसकट) रायफल ८.२५ किलोच्या आत. एफ-ओपनमध्ये १० किलोपर्यंत मुभा आणि कॅलिबरला भरपूर मोकळीक. तिथे ७ मिलिमीटरवाल्यांची, म्हणजे .२८४ विंचेस्टर आणि त्याच्या भावंडांची चलती. दंडाला पट्टा (स्लिंग) लावून, दुर्बिणीशिवाय खेळतात त्या आंतरराष्ट्रीय टार्गेट रायफलमध्ये पुन्हा .२२३ आणि .३०८ च, पण .३०८ ला गोळी १५६ ग्रेनच्या आत. माझ्या १५५ ग्रेनच्या डब्यांचं कारण हे. पीआरएसमध्ये, म्हणजे प्रिसिजन रायफल सिरीजमध्ये, बॅरिकेडवरून, छपरावरून, घड्याळ लावून मारायचं असतं. तिथे वेगाला सेकंदाला ३२०० फुटांची मर्यादा, आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दिसावं म्हणून लोक कमी धक्क्याच्या ६ मिलिमीटरकडे वळलेत: ६ डॅशर, ६ जीटी. शंभर-दोनशे यार्डांवर कागदात एकच भोक पाडायचं असेल तर ६ पीपीसी. नियमपुस्तकाची चालू वर्षाची प्रत वाचा, दोन वर्षांपूर्वीची नको.

घरून फोन आला की विचारतात, स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवलं तीच का ही बंदूक? नाही. ती .२२, पन्नास मीटरची. तिथे काडतूस कंपनीत बनतं, खेळाडू लॉटमागून लॉट तपासून आपल्या नळीला मानवणारा उचलतो. इथे काडतूस आपण घरी बनवतो, म्हणून चेंबर कसं हवं हा प्रश्न आपल्याच गळ्यात.

आता गोळी. काडतुसाचं नाव नंतर, गोळी आधी. लोक उलटं करतात; मीही केलं. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, एफ-क्लासच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १० इंचांचं आणि आतलं एक्स पाचाचं. तिथे पोचेपर्यंत वारा गोळीला किती ढकलणार आणि गोळीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा जास्त राहणार का, हे गोळीचा आकार आणि सुटतानाचा वेग ठरवतात. १५५ ग्रेनवाले ३० इंची नळ्या उगाच लावत नाहीत. म्हणून नुसतं "६.५" किंवा ".३०" नको, कंपनी, वजन, मॉडेल ठरवा, एक डबा आणा, टेबलावर ठेवा. त्याचं डमी राउंड बनवा.

का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. चेंबरमध्ये केसचं तोंड संपतं तिथून रायफलिंग सुरू होईपर्यंत एक गुळगुळीत मोकळी वाट असते, तिला फ्रीबोअर म्हणतात. ही वाट किती लांब ते चेंबर कापणारा रीमर ठरवतो, आणि ".३०८" या शब्दात ते माप कुठेच नाही. १५५ ग्रेनच्या गोळीला आखूड वाट लागते. त्यासाठी '९५ पाल्मा' (पाल्मा ही लांब पल्ल्याची जुनी स्पर्धा) नावाचा रीमर कित्येक वर्षं वापरात आहे. २०० ग्रेनच्या गोळीला लांब वाट लागते, नाहीतर तिचं बूड मानेच्याही खाली दारूच्या जागेत घुसतं. दोन्ही रायफलींच्या नळीवर कोरलेलं नाव मात्र एकच. .३०८ ची मान इंचाच्या तीन दशांशाएवढी. त्यातली निदान दोन-तृतीयांश तरी गोळीनं धरावी असं मी आता म्हणतो. माझी किती धरत होती ते वर सांगितलंच.

मग खोल का नाही बसवायची? बसवली. गोळीला रायफलिंगपर्यंत मोठी उडी मारावी लागली. काही गोळ्या अशी उडी सहन करतात, माझ्या करत नव्हत्या. सहाशे यार्डांवरच त्यांनी दहाचं वर्तुळ सोडलं. शिवाय नळीचा घसा प्रत्येक गोळीगणिक थोडा झिजतो आणि रायफलिंग पुढे पळतं. म्हणजे हे दुखणं दर शंभर गोळ्यांमागे वाढणारं. डमीत पहिल्या दिवशी गोळी मानेत ऐसपैस बसलेली हवी ती यासाठी, नंतर तिला थोडी थोडी पुढे सरकवायला जागा राहते.

आणि एक कडू गोष्ट. वाट आखूड निघाली तर थ्रोटिंग रीमर घालून वाढवता येते, तासाभराचं काम. लांब निघाली तर परत आखूड होत नाही. नळीचा मागचा भाग कापून, आटे पुन्हा पाडून, चेंबर नव्यानं कापावं लागतं. माझी ३० इंची नळी २९ ची झाली आणि अख्खा मोसम गेला. एक गोळी, एक रिकामी केस आणि पाकिटाच्या पोस्टेजवर हे वाचलं असतं. डमी राउंड पाठवा.

पितळ आणि दारू. नावाजलेलं चेंबरिंग असेल तर चांगली केस मिळते: .३०८, ६.५ क्रीडमूर, ६ बीआर यांना लापुआ कंपनीची केस सहज मिळते. घडवाघडवीची हौस असेल तर गोष्ट वेगळी. पूर्वी डॅशरवाले ६ बीआरची केस चेंबरमध्ये उडवून तिचा खांदा घडवत, म्हणजे नळीचं थोडं आयुष्य केसा बनवण्यातच जायचं. आता तयार मिळतात, पण आपल्या आवडीच्या चेंबरिंगला मिळतात का ते आजच्या तारखेला बघा. २०२० नंतरची दोन वर्षं आठवा: प्रायमर नाहीत, वार्गेट नाही, एच४३५० नाही (दोन्ही दारूची, म्हणजे पावडरीची, नावं). एकाच पावडरवर चालणारं काडतूस निवडलं की ती संपली म्हणजे रायफल भिंतीला. निदान दोन पावडरींवर नीट चालेल असंच घ्या. लापुआच्या क्रीडमूर केसला प्रायमर लहान लागतो, इतर बऱ्याच कंपन्यांच्या केसला मोठा. हे डबे विकत घेण्याआधी बघायचं असतं. आणि ४५ अंशांच्या उन्हात मारणाऱ्यांनी तापमानाला न बिचकणारीच पावडर घ्यावी, त्यावर वाद नको.

ज्या केसा घेणार त्यांतलीच एक डमीला. दुसऱ्या कंपनीची नाही. कारण मान. मानेच्या भिंतीची जाडी कंपनीगणिक बदलते, आणि चेंबरची मान भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा काही हजारांश इंच मोठी असावीच लागते. घट्ट झाली तर गोळी सोडताना मान फुलायला जागा नाही, दाब वेडावाकडा चढतो, आणि तुमचा चेहरा बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो. इथे "चालून जाईल" म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. मान टर्न करायची, म्हणजे बाहेरून तासून सारख्या जाडीची करायची, की नाही ते आधीच ठरवा. नवख्यानं करू नये.

नळीचं आयुष्य. ढोबळ आकडे: .३०८ चार-पाच हजार गोळ्या, ६.५ क्रीडमूर अडीच हजाराच्या आसपास, ६ क्रीडमूर आणि .२८४ दीड हजाराच्या मागेपुढे. एफ-क्लासमध्ये दिवसाला वीस-वीसच्या तीन फेऱ्या, वर साइटर, म्हणजे नेम जुळवायच्या आधीच्या गोळ्या. सरावासकट वर्षाचा हिशेब स्वतः करा, बायकोला दाखवायच्या आधी. लोक फर्माइशीसारखं "सगळ्यात सपाट जाणारं" मागतात आणि दुसऱ्या वर्षी नवी नळी मागवताना गप्प असतात.

६.५ क्रीडमूरबद्दल विचारणार, म्हणून: २००७ चं काडतूस, हॉर्नडी कंपनीचं, न्यूयॉर्कजवळच्या जुन्या क्रीडमूर मैदानाचं नाव, जिथे १८७६ मध्ये पाल्माची पहिली लढत झाली. पहिल्या बोल्ट-ॲक्शन टार्गेट रायफलला, वर्गाचं बंधन नसेल तर, डोळे मिटून घ्यावं असं आहे. दुकानातला दारूगोळाही चांगला मिळतो. चेष्टा करणारे करू देत.

ॲक्शन (नळीमागची यंत्रणा) आणि बोल्ट (तिच्यातला काडतूस आत ढकलून कोंडणारा दांडा). .३०८, क्रीडमूर, ६ बीआर, डॅशर, .२८४ या सगळ्यांच्या बुडाचं माप तेच, .४७३ इंच. हा बोल्टफेस (बोल्टचं काडतुसाचं बूड धरणारं तोंड) घेतलात तर उद्या नुसती नळी बदलून दुसरं चेंबरिंग होतं. .२२३ ला .३७८, पीपीसीला वेगळाच. मॅगझिन वापरणार असाल तर डमी त्यात घालून बघा, आत जाते आणि वर येते का. एकेक हातानं भरणार असाल तरी पोर्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर जायची खिडकी, बघा: शेजारच्या लेनवर एकाचं .२८४ चं काडतूस इतकं लांब होतं की 'सीझ फायर' झाल्यावर न उडवलेलं बाहेरच निघेना. बोल्ट काढून मागून ओढावं लागलं, रेंज ऑफिसर कमरेवर हात ठेवून उभा. डमी असती तर हे टेबलावरच कळलं असतं.

ट्विस्ट, म्हणजे रायफलिंगचा पीळ किती इंचांत एक वेढा घेतो तो आकडा: गोळीच्या डब्यावर लिहिलेला असतो, तोच घ्या.

डाय, म्हणजे केस मापात आणायचे आणि गोळी बसवायचे साचे: वेगळ्या चेंबरिंगचे असतील तर नळीबरोबरच मागवा, नंतर महिने जातात. रीमरचा नकाशा मागा, फ्रीबोअर आणि मानेचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. गो गेज, म्हणजे चेंबरची खोली तपासायचं माप, तेही. स्टॉक, ट्रिगर, दुर्बीण यांवर लिहायचा आता उत्साह नाही, ते सगळीकडे मिळेल.

पाकीट. केसला आरपार भोक पाडा म्हणजे कुणालाही ती डमी दिसेल, चिठ्ठीवर लिहा, कुरिअरचा नियम विचारून पाठवा. सोबत एक ओळ: गोळीचं नाव, वजन, केस, "याच लांबीला मारणार". आणि दिवाळीला पुण्याला जाताना बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. जिवंत काडतूस सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. डमी सापडली तर ती डमीच आहे हे रात्री दोन वाजता विमानतळावर पटवत बसा.

दुसऱ्या नळीची डमी गेल्या सोमवारी पोचली. गनस्मिथनं तिचा फोटो पाठवला: बाकावर उभी, भोकातून पलीकडचा व्हाइस दिसतोय, आणि खाली मार्करनं माझं आडनाव, चुकीच्या स्पेलिंगनं.