सेल्फ घेत नाही: टू-व्हीलरचं इलेक्ट्रिकल शिकणाऱ्यांसाठी

गाडीचं इलेक्ट्रिकल काम शिकायला आलेली पोरं सगळ्यात आधी विचारतात, "दादा, मीटर कोणता घेऊ?" मीटर म्हणजे मल्टीमीटर. कोणताही साधा डिजिटल घ्या, आपल्या नागपुरात बर्डीवर मिळून जातो. डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम, बीप (वायर सलग आहे का ते आवाजाने सांगणारी सोय) आणि १० अँपिअरचं सॉकेट एवढं असलं की झालं. तो कुठे आणि कोणत्या क्षणी लावायचा, हे शिकायला मात्र वेळ लागतो.

श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल करून आलेला मुलगा आणि लहानपणापासून गॅरेजवर पाने धुणारा मुलगा, दोघांनाही मी शिकताना पाहिलं आहे. पहिल्याला सर्किट वाचता येतं, पण कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, उघडायची भीती वाटते. दुसरा कपलर डोळे मिटून उघडतो, पण सगळ्या दुखण्यांवर त्याचा एकच इलाज: बॅटरी बदला. आमचे उस्ताद अशा वेळी दुरूनच ओरडत, "काऊन बे, मोजलं का आधी?"

मोजायचं म्हणजे काय, ते सांगतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण हा आकडा पाहून बॅटरीला पास करू नका. मीटर लावलेलाच ठेवा आणि सेल्फ दाबा. व्होल्टेज १० च्या आसपास टिकलं तर बॅटरीत दम आहे. ७-८ वर कोसळलं तर आधी ती चार्ज करून पुन्हा बघा. चार्ज करूनही कोसळली तरच बदला.

आता बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ नुसता 'टक' करतो. इथे नवा माणूस रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) आणतो, मग मोटरचे कार्बन ब्रश बदलतो, मग मोटरच उतरवतो. त्याआधी दोन मिनिटांचं काम करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. खांबावर म्हणजे खांबावरच, वायरच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या चकतीवर, नाही. मग सेल्फ दाबा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला की अर्थिंग गेलं समजा. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर लग, रिलेचे कॉन्टॅक्ट किंवा वायर यांपैकी कोणीतरी करंट अडवून बसलंय.

"पण वायरला बीप तर येतो ना दादा," असं हमखास ऐकू येतं. बीप येणारच. आत एक तार शाबूत असली तरी बीप येतो, आणि लोड नसेल, म्हणजे करंट ओढणारं काही चालू नसेल, तर तीच तार पूर्ण १२ व्होल्टही दाखवते. सेल्फ मोटर ५० अँपिअर ओढते असं धरलं, तर ०.०२ ओहमचा अडथळासुद्धा एक व्होल्ट खातो. एवढा बारीक ओहम आपल्या साध्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. म्हणून लोड चालू असताना व्होल्ट मोजायचे. मला विचाराल तर या धंद्यातलं अर्धं शिक्षण या एका तपासणीत आहे. हेडलाइट मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर लावला की गाडीच्या स्पीडोमीटरमधला दिवा लुकलुकतो, या सगळ्यांना हीच तपासणी लागू पडते.

चार्जिंगचं थोडक्यात. इंजिन चालू करून रेस द्या. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरी उकळून मारेल. १३ च्याही खाली राहिलं तर आधी कपलर बघा, जळून पिवळट-काळा झालेला असतो. मग मॅग्नेट कॉइल, म्हणजे इंजिनवरची वीज बनवणारी कॉइल. तिच्या तीन पिवळ्या वायरी असतील तर कोणत्याही दोघींमध्ये सारखाच, अगदी कमी ओहम यावा आणि बॉडीशी बीप अजिबात येऊ नये.

आपल्या गावचा उन्हाळा या कामात स्वतंत्र विषय आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य दर ८-१० अंश वाढीला साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. त्यात स्टेशनच्या स्टँडवर आठवडाभर उभी राहिलेली गाडी, वरून बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा अलार्म. अशा गाडीची बॅटरी उतरली असेल तर चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर १० अँपिअरवर सिरीजमध्ये, म्हणजे खांब आणि काढलेली वायर यांच्या मध्ये, लावा. काही मिलिअँपिअर चालतील, शंभरच्या वर असतील तर बाहेरून जोडलेल्या वस्तू एकेक सोडवत जा. मीटर सिरीजमध्ये असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच तिथे जाईल.

गाडीचा फ्यूज उडाला तर त्याच नंबरचा घाला. सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळून दिलेली गाडी पुढच्या खेपेला जळक्या वायरिंगसह येते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर हँडलच्या वळणावर आणि सीटखाली बघा, वायर तिथेच घासते. इतवारीत धान्याच्या गोदामांजवळ लागणाऱ्या गाड्यांमध्ये उंदराने वायर कुरतडल्याचाही संशय धरायचा.

पावसाळ्यात कपलर उघडून वाळवा, हिरवट गंज घासून काढा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांना लोक घाईने सेल्फ मारत होते. बुडालेल्या गाडीची आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग एअर फिल्टर, प्लग, ऑइल बघायचं, कपलर वाळवायचे आणि सेल्फ सगळ्यात शेवटी.

नव्या गाड्यांबद्दल दोन गोष्टी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना पेटलेलाच राहतो, ग्राहक तक्रार घेऊन आला तर त्याला समजावून सांगा. आणि २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतर बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, वायरीवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, बल्ब जास्त करंट ओढतो. तिथे मीटरच.

इलेक्ट्रिक स्कूटर येऊ लागल्यात, तर "शिकू का?" असंही विचारतात. शिका, पण मोठ्या बॅटरी पॅकला ट्रेनिंगशिवाय हात लावू नका. तिचे दिवे, हॉर्न, इंडिकेटर बहुधा कन्व्हर्टरमधून येणाऱ्या १२ व्होल्टवरच चालतात. तिथे वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं चालतं. सुरुवात तिथूनच करा.